गल्लीतले गाणे आणि मैदानाचे भाडे
(नेरूळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, किंचित संक्षिप्त करून)



आजच्या विषयावर आपल्यापैकी काहींनी भुवया उंचावल्या असतील. बेकारी, खासगीकरण, कामगार संहिता असे विषय समोर असताना समाजवादी अभ्यासवर्गात रॅप गाणाऱ्यांची आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या पोरांची चर्चा कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु शाखांच्या बैठकांत जी तक्रार वारंवार ऐकू येते ती आठवा. सभेला तरुण येत नाहीत, शिबिराला येत नाहीत. तीच मुले एखाद्या गायकाच्या कार्यक्रमासाठी मात्र महिन्याचा पगार मोडतात, गावोगावाहून रेल्वेने येतात, रात्रभर उभी राहतात. ही तक्रार वर्णन म्हणून खरी आहे. तिच्यातून 'ही पिढीच चंगळवादी झाली' असे निदान जेव्हा काढले जाते तेव्हा ते चुकते, आणि चुकीच्या निदानावर उपचारही चुकीचाच होतो. म्हणून हा विषय घेतला आहे.

आपण जिथे बसलो आहोत तिथून डी. वाय. पाटील मैदान हाकेच्या अंतरावर आहे. २००८ पासून ते उभे आहे. या मैदानावर २०१७ च्या मे महिन्यात जस्टिन बीबर गाऊन गेला, २०१९ च्या डिसेंबरात 'यू टू' हा आयरिश संच आला आणि २०२५ च्या जानेवारीत 'कोल्डप्ले'चे तीन कार्यक्रम झाले. याच मैदानावर नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याच महिन्यात शेजारच्या खारघरमध्ये 'रोलिंग लाउड' नावाचा हिपहॉपचा जागतिक जलसा दोन दिवस भरला, त्यात अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या गायकांबरोबर अंधेरीच्या वस्तीतून आलेला 'डिव्हाइन'ही होता. म्हणजे विषय आपल्या दारातला आहे. आपण दार लावून बसलो तरी आवाज आत येणारच.

हे गाणे कोणाचे?

हिपहॉप हे श्रीमंत अमेरिकेचे खूळ आहे, अशी एक समजूत आहे. तिचा इतिहास थोडा तपासून पाहू.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागातून एक महामार्ग काढण्यात आला. १९४८ पासून १९७२ पर्यंत त्याचे बांधकाम चालले. गरिबांच्या आणि कनिष्ठ मध्यमवर्गीयांच्या नांदत्या वस्त्या त्यासाठी मोडल्या, हजारो कुटुंबे उठवली गेली. ज्यांना शक्य होते ते निघून गेले. मागे राहिले ते काळे आणि पोर्तोरिकन श्रमिक. पुढे १९७५ साली हे शहर दिवाळखोरीच्या काठावर आले, तेव्हा कात्री लागली ती शाळा, ग्रंथालये, अग्निशमन दल यांच्या खर्चाला. शाळांतले संगीतशिक्षण आटले. ज्या मुलांच्या हाती वाद्य येणे शक्य नव्हते त्यांनी तबकडी वाजवण्याच्या यंत्रालाच वाद्य केले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, रहिवाशांच्या सामायिक खोलीत, जमैकाहून आलेल्या एका कुटुंबातल्या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवावे म्हणून नाचगाण्याची संध्याकाळ ठेवली. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता, तोच पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. प्रवेशमूल्य मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट. हिपहॉपचा जन्म त्या संध्याकाळी झाला असे मानतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा: खोली सामायिक होती आणि तिकीट पंचवीस सेंटांचे होते. माझ्या पुढच्या सगळ्या मांडणीचा पाया या दोन गोष्टींवर आहे.

हिपहॉपच्या आधी 'सोल' संगीत होते. काळ्यांच्या चर्चमधली भजने आणि शेतमजुरांची, कारखान्यातल्या कष्टकऱ्यांची गाणी यांच्या संगमातून ते आले. अरेथा फ्रँकलिन ही त्या संगीताची सम्राज्ञी. तिचे वडील डेट्रॉइटमध्ये धर्मोपदेशक होते आणि १९६३ च्या जूनमध्ये तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह जो प्रचंड मोर्चा निघाला त्याचे ते एक संघटक होते. ते संगीत आणि ती चळवळ एकाच घरात वाढली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आपला या परंपरेशी संबंध काय, असे कोणी विचारील. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी काळ्यांचे थोर विचारवंत डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९६४ च्या मे महिन्यात मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात डॉ. राममनोहर लोहिया फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात धोतर नेसून गेले, बाहेर जाण्यास त्यांनी नकार दिला आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. १९७२ साली मुंबईत दलित तरुणांनी संघटना उभारली तेव्हा नाव निवडले 'पँथर', कारण ओकलंडच्या काळ्या तरुणांनी ते आधी निवडले होते. ही देवाणघेवाण दीडशे वर्षांची आहे. कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरच्या मुलाला जेव्हा ब्रॉन्क्सचे गाणे आपले वाटते तेव्हा तो नक्कल करतो आहे एवढेच म्हणून भागत नाही. फुल्यांना जे नाते दिसले होते तेच त्याला त्याच्या पद्धतीने दिसते आहे.

शाहिराचा 'आम्ही' आणि रॅपरचा 'मी'

आता महाराष्ट्राकडे येऊ. २०१४ साली कुर्ल्याच्या नावेद शेख या तरुणाने, ज्याला सारे 'नेझी' म्हणून ओळखतात, हातातल्या एका टॅब्लेटवर 'आफत' हे गाणे चित्रित करून लोकांपुढे ठेवले. २०१५ साली त्याने आणि डिव्हाइनने मिळून 'मेरे गली में' केले. चार वर्षांत, १४ फेब्रुवारी २०१९ रोजी, त्यांच्या आयुष्यावरून सुचलेला 'गली बॉय' पडद्यावर आला आणि पुढच्या वर्षी त्याला फिल्मफेअरची तेरा पारितोषिके मिळाली. पुण्याच्या वस्तीतला 'एमसी स्टॅन' २०२३ च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवरील 'बिग बॉस' स्पर्धेत विजयी झाला, तो चाहत्यांच्या मतांवर. अमरावतीचा '१०० आरबीएच' वऱ्हाडी बोलीत गातो. महादेव कोळी समाजातून आलेली, शिक्षणाने अभियंता असलेली मधुरा घाणे, म्हणजे 'माही जी', आदिवासींच्या जंगलावरील हक्काविषयी, कचरा वेचणाऱ्या स्त्रियांविषयी रॅप करते. 'स्वदेशी' या मुंबईच्या गटाने आरेच्या जंगलाच्या लढ्यात तिथले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन गाणे केले.

हे वाचून आपल्यातल्या जुन्या मंडळींना अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर आठवतील. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक आठवेल, वसंत बापट आणि निळू फुले आठवतील. सत्यशोधक जलसे आणि भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसेही आठवतील. तुलना योग्य आहे, पण ती सावधपणे केली पाहिजे.

शाहीर 'आम्ही' म्हणतो. त्याच्या मागे झीलकरी असतात, त्यांच्या मागे संघटना असते आणि समोर बसलेला समुदाय उद्या मोर्च्यात असतो. रॅपर 'मी' म्हणतो. माझी गल्ली, माझी आई, माझी भूक, माझा अपमान, आणि मग माझी गाडी, माझी सोनसाखळी, माझे शत्रू. या 'मी'ला आपण सरसकट आत्मप्रौढी म्हणून मोडीत काढतो. त्यात आत्मप्रौढी आहेच. परंतु ज्या मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटाखेरीज आणि पोलीस ठाण्याच्या नोंदवहीखेरीज कोठेही लिहिले गेले नाही, त्याने हजारोंसमोर स्वतःचे नाव, वस्तीचे नाव आणि जमल्यास पिनकोडसुद्धा ठणकावून सांगणे ही साक्ष आहे. दलित आत्मकथनांच्या 'मी'ला आपण साहित्य म्हणून मान्यता दिली. तेव्हाही सदाशिवपेठी नाके मुरडलीच होती.

फरक असा की आत्मकथनाच्या 'मी'भोवती चळवळीचा 'आम्ही' होता. आजच्या 'मी'भोवती आहे तो चाहता. म्हणून चाहता म्हणजे कोण, हा खरा प्रश्न आहे.

चाहत्याचे अर्थशास्त्र

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले, तेव्हा त्या अंगाने थोडे सांगतो. १९८१ साली शेरविन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने एक प्रश्न विचारला: दोन गायकांच्या गुणवत्तेत फरक उन्नीस-बीसचा असताना त्यांच्या उत्पन्नात फरक शंभरपट का पडतो? त्याचे उत्तर असे की एकच आवाज यंत्राच्या साहाय्याने कोट्यवधींना एकाच वेळी पुरवता येतो, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा आवाज कोणी कशाला घेईल? बाजार जितका मोठा तितका पहिल्याचा वाटा मोठा. अॅलन क्रूगर यांनी अमेरिकेतील मैफलींचे आकडे तपासले. १९८२ साली वरच्या एक टक्का कलावंतांच्या वाट्याला मैफलींच्या उत्पन्नाचे २६ टक्के येत. २०१७ मध्ये ते ६० टक्के झाले होते. संपत्तीच्या केंद्रीकरणाचे जे चित्र आपण उद्योगांत पाहतो तेच इथे, किंबहुना अधिक उघडे.

खालच्या नव्व्याण्णव टक्क्यांचे काय? गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या कंपनीने २०२४ पासून नियम केला की ज्या गाण्याला वर्षभरात एक हजार श्रोते-आवर्तने मिळाली नाहीत त्याला मानधन मिळणार नाही. एक हजार ही संख्या मोठी नाही, असे कंपनी म्हणेल. पण वस्तीतल्या पोराच्या पहिल्या गाण्याला नऊशे वेळा ऐकले गेले तर त्या नऊशे वेळांचे मोल शून्य, आणि तो पैसा वरच्यांच्या पंगतीत वाढला जातो. गिरणीत बदली कामगाराला हजेरी पुरी भरली नाही म्हणून नाकारीत, त्याचीच ही नवी आवृत्ती आहे.

आता चाहत्याकडे पाहा. तो पैसे देऊन तिकीट घेतो म्हणून ग्राहक आहे, हे सर्वांना दिसते. परंतु तो फुकट कामही करतो, हे कोणी मोजत नाही. गाण्याचा तुकडा दहा जणांना पाठवणे, गायकाच्या नावाने मंडळ चालवणे, स्पर्धेत मते देणे आणि मिळवून देणे, विरोधकांशी रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालणे, हे सारे प्रसिद्धी खात्याचे काम आहे. पूर्वी त्यासाठी कंपन्या माणसे नेमीत. आज ती मेहनत मुले प्रेमापोटी करतात आणि तिचे मूल्य दूरचित्रवाहिनीच्या, जाहिरातदाराच्या आणि समाजमाध्यमाच्या ताळेबंदात जमा होते. मार्क्सच्या भाषेत सांगायचे तर वरकड मूल्य कारखान्याच्या फाटकाबाहेरही निर्माण होऊ लागले आहे, आणि मजुरी मागायची कोणाकडे हेच मजुराला ठाऊक नाही, कारण आपण मजूर आहोत हेच त्याला कोणी सांगितलेले नाही.

आणि ग्राहक म्हणून त्याची अवस्था काय? २२ सप्टेंबर २०२४ रोजी कोल्डप्लेच्या इथल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री सुरू झाली. अधिकृत दर अडीच हजार रुपयांपासून पस्तीस हजारांपर्यंत. काही वेळातच ती संपली आणि लगेच दुसऱ्या संकेतस्थळांवर त्याच तिकिटांचे भाव लाखांत बोलले जाऊ लागले. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली, सक्तवसुली संचालनालयाने छापे घातले, उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळताना हा विषय कायदेमंडळाच्या धोरणाचा आहे असे सांगितले. चित्रपटगृहाबाहेर दहाचे तिकीट वीसला विकणाऱ्या पोराला हवालदार पकडून नेई. संगणकाच्या आडून तोच धंदा लाखांत करणाऱ्याला मात्र 'दुय्यम बाजारपेठ' असे प्रतिष्ठित नाव आहे.

पंचवीस सेंटांपासून पस्तीस हजार रुपयांपर्यंतचा हा प्रवास आहे. आणि लक्षात घ्या, जी मुले एवढा खर्च करतात ती सगळी धनिकांची नाहीत. महापे-रबाळ्याच्या पट्ट्यात कंत्राटावर काम करणारी, घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवणारी मुलेही त्यात असतात. ती हे का करतात? कारण सबंध वर्षात जिथे आपल्यासारखी हजारो माणसे एका वेळी, एका स्वरात, कोणाच्याही हुकुमाशिवाय एकत्र येतात अशी दुसरी जागा त्यांना उरलेली नाही. पूर्वी युनियनच्या सभेत, मोर्च्यात, गणेशोत्सवातल्या मेळ्यात हा अनुभव फुकट मिळे. युनियन मोडली, सभा ओस पडली, उत्सव पुढाऱ्यांनी विकत घेतला. सामुदायिकतेची भूक मात्र गेली नाही. भांडवलाने ती ओळखली, तिला कुंपण घातले आणि दारावर तिकीट लावले. आपण ओळखली नाही. आपण मुलांना चंगळवादी म्हणत बसलो.

दोन आक्षेप

माझ्या या मांडणीवर दोन रास्त आक्षेप येतील.

पहिला, स्त्रियांविषयीच्या भाषेचा. यातल्या बऱ्याच गाण्यांत शिव्या आहेत आणि शिव्या बहुधा आईबहिणींच्या नावाने आहेत. बाई ही जिंकायची वस्तू म्हणून येते. आपल्या मैत्रिणींना हे खटकते आणि खटकलेच पाहिजे. 'वस्तीची भाषाच अशी आहे' हा बचाव मला मान्य नाही. वस्तीत आई, बहीण, बायकोही राहतात. त्यांची भाषा वेगळी आहे आणि त्यांच्याच कष्टावर तो 'मी' उभा आहे. परंतु हा दोष दुरुस्त करण्याचा मार्ग कोणता? २०२३ च्या मार्चमध्ये इंदूरला एमसी स्टॅनचा कार्यक्रम काही संघटनांनी घुसून बंद पाडला, त्यात स्त्रियांच्या सन्मानापेक्षा दांडगाईची हौस अधिक होती. आपला मार्ग वादाचा आहे. माही जीसारख्या मुलींना व्यासपीठ मिळाले, त्यांचे गाणे त्याच पोरांनी ऐकले, तर ते उत्तर कोणत्याही बंदीपेक्षा टिकाऊ ठरेल.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे बंड खोटे आहे, बाजार त्याला सहज गिळतो. निवडणूक आली की हेच रॅपर उमेदवाराच्या गाडीवर भाड्याने गातात. हे खरे आहे. पण सगळेच गिळले गेले असते तर सत्तेला त्यांची भीती वाटली नसती. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यातील सत्तांतरावर आणि 'खोक्यां'वर रॅप केले म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. त्याच महिन्यात जनतेच्या दैन्यावर गाणाऱ्या उमेश खाडेवर मुंबईत गुन्हा दाखल झाला. पावडर-लिपस्टिकच्या जाहिरातीतला रॅप चालतो, उमेदवाराच्या प्रचाराचा चालतो, आणि खोक्यांचा हिशेब विचारणारा मात्र कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होतो. कोणते गाणे गिळता आले नाही, हे यावरून कळते.

गायकाचे ऋण

चाहता आणि गायक यांचे नाते केवळ गिऱ्हाईक आणि दुकानदाराचे असावे लागत नाही. १९७० साली कृष्णवर्णी कम्युनिस्ट कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस तुरुंगात होत्या. अरेथा फ्रँकलिनने जाहीर केले की त्यांच्या जामिनाची रक्कम मी भरीन. कम्युनिझमवर श्रद्धा आहे म्हणून नव्हे, तर हा पैसा मला काळ्या लोकांनीच दिला आहे आणि तो त्यांच्यासाठी वापरायचा आहे, असा तिचा आशय होता. पुढे प्रत्यक्ष जामिनासाठी कॅलिफोर्नियातल्या एका गोऱ्या शेतकऱ्याने आपली जमीन तारण ठेवली, ही गोष्टही विसरू नये. आपल्याला मिळालेले पैसे हे श्रोत्यांचे ऋण आहे, ही जाणीव कीर्तनकाराला असे, शाहिराला असे, अरेथाला होती.

उलट उदाहरणही सांगतो. सोल आणि हिपहॉप यांचा सर्वात सुंदर मिलाफ ज्यात झाला असे मानतात तो लॉरिन हिल यांचा संग्रह १९९८ साली आला. त्याच्या शीर्षकामागे कार्टर वुडसन यांचा काळ्यांना मिळणाऱ्या चुकीच्या शिक्षणावरचा १९३३ सालचा ग्रंथ आहे, म्हणजे विषय फुल्यांच्या जवळचा. १९९९ मध्ये एका रात्रीत पाच ग्रॅमी पारितोषिके त्यांना मिळाली. जगभरच्या चाहत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण त्या संग्रहावर काम केलेल्या चार संगीतकर्मींनी आपल्याला योग्य श्रेय मिळाले नाही म्हणून दावा लावला आणि २००१ साली तो तडजोडीने मिटला. एका नावाच्या झगमगाटात किती हात दिसेनासे होतात याचे हे उदाहरण. चाहत्याने गाण्यावर प्रेम करावे, पण ढोलकी कोणाची, शब्द कोणाचे, हेही विचारावे. आपल्याकडे २०१२ सालच्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात गीतकार आणि संगीतकारांना मानधनाचा न हिरावता येणारा हक्क मिळाला. तो हक्क किती शाहिरांच्या वारसांपर्यंत आणि किती वस्तीतल्या पोरांपर्यंत पोचला? त्यांना तो ठाऊक तरी आहे काय?

नेरूळमध्ये काय करावे?

आता आपल्या गावाविषयी. हे शहर पंचाण्णव गावांच्या जमिनीवर उभे आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तानच्या परिसरात पाच शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. आगरी-कोळ्यांच्या गाण्यांना तेव्हा अंगण होते, खळे होते, होळीचा मांड होता. ब्रॉन्क्समधून रस्ता गेला. आपल्याकडे शहरच येऊन बसले. नियोजनकारांनी सेक्टर आखले, दुकानांची, वाहनतळांची जागा आखली. पन्नास पोरांनी संध्याकाळी जमून गावे, अशी जागा मात्र बागेचा रखवालदार शिटी वाजवीपर्यंतच असते. पन्नास हजारांसाठी मैदान आहे, पन्नासांसाठी खोली नाही. चाहते घडवण्याची सोय आहे, गाणारे घडवण्याची नाही.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत.

एक, महापालिकेच्या समाजमंदिरांत आणि सभागृहांत आठवड्यातली एक संध्याकाळ परिसरातल्या तरुणांच्या गाण्यासाठी नाममात्र दरात राखून ठेवावी, ही मागणी प्रभागवार करावी. हिपहॉप जन्मले ते रहिवाशांच्या सामायिक खोलीत. त्या इमारतीवर २००७ मध्ये भाडेवाढीचे संकट आले तेव्हा रहिवाशांनी 'ही हिपहॉपची जन्मभूमी आहे' हेच हत्यार केले आणि कूल हर्क त्यांच्या बाजूला उभा राहिला. इमारत मध्यंतरी गुंतवणूकदारांच्या हाती गेली, लढा सोपा नव्हता. पण गाण्याची आठवण घराच्या हक्कासाठी वापरता येते, हे त्यांनी दाखवले.

दोन, तिकिटांच्या फेरविक्रीवर मूळ किमतीची मर्यादा घालणारा कायदा राज्याने करावा आणि मोठ्या मैदानांतील कार्यक्रमांत काही जागा विद्यार्थ्यांसाठी व कामगारांसाठी परवडणाऱ्या दरात ठेवण्याची अट परवान्यातच असावी. न्यायालयाने चेंडू विधिमंडळाकडे टोलवला आहे. तो उचलणारा कोणी हवा. हा प्रश्न आपण हाती घेतला तर मैदानाबाहेर रांगेत उभा असलेला तरुण प्रथमच आपल्याकडे वळून पाहील.

तीन, आपल्या वकील मित्रांनी गाणाऱ्या मुलांसाठी दोन कामे करावीत: करार वाचून दाखवणे आणि गुन्हा दाखल झाला तर जामिनाला उभे राहणे. मुंगासे किंवा खाडे आपल्या पक्षाचे आहेत काय, हा प्रश्न त्या वेळी विचारू नये. लोहिया जॅक्सनला गेले तेव्हा तिथल्या काळ्यांना त्यांनी सभासदत्वाची पावती विचारली नव्हती.

चार, आणि ही सूचना सर्वात अवघड आहे: या मुलांना पक्षाचे रॅप लिहायला सांगू नका. कलापथकाचा ऱ्हास कसा झाला ते आठवा. जेव्हा गाणे विचारांच्या बरोबरीने चालत होते तेव्हा निळूभाऊंसारखा कलावंत त्यातून घडला. पुढे पुढारी येईपर्यंत सभा धरून ठेवण्याचे साधन म्हणून गाणे उरले, आणि लोकांनी गाणे संपताच उठून जायला सुरुवात केली. तरुणांना आपल्या घोषणा द्यायच्या नसून आपल्याकडची माहिती द्यायची आहे: इथल्या जमिनीचा इतिहास, कंत्राटी कामगाराच्या पगारपत्रकातली गोम, साडेबारा टक्क्यांचा हिशेब. गाणे ते करतील. ते आपल्यावर टीकेचेही असेल. असू द्या.

मित्रहो, चाहता आणि कार्यकर्ता हे दोन वेगळे प्राणी नाहीत. दोघेही स्वतःहून मोठ्या अशा कशासाठी तरी वेळ, पैसा आणि झोप खर्च करायला तयार असतात. फरक एवढाच की चाहत्याच्या त्यागाचा हिशेब दुसरा कोणी ठेवतो आणि नफाही तोच नेतो. तो हिशेब चाहत्याच्या हाती देणे, ही राजकीय शिक्षणाची सुरुवात आहे. त्यासाठी आधी आपण त्याच्या शेजारी उभे राहून गाणे ऐकावे लागेल. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील समाजमंदिरांची यादी, त्यांचे भाडे आणि ती किती संध्याकाळी कुलूपबंद असतात याची पाहणी करून आणावी, एवढे काम ठरवून आपण उठू या.